मोठ्या फिगरवरची पुट्टी पुन्हा पुन्हा का तडकते? पुट्टी बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. तीस सेंटिमीटरची फिगर (मॉडेल म्हणून जोडून रंगवलेली माणसाची छोटी मूर्ती), म्हणजे १/६ स्केल, खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश. तिच्या अंगावर नवा झगा चढवला, किंवा खाली असलेला हात कापून वर उचलला, किंवा उभ्या माणसाला बसवला. काम छान जमलं, रंगही चढला. आठ-दहा दिवसांनी खांद्यापाशी केसाएवढी रेघ दिसते. ती भरली, घासली, वरून रंगाचा हात दिला. महिन्याभराने ये रे माझ्या मागल्या. मग ‘ही पुट्टीच बेकार’ असं ठरवून दुसरी आणली. तीही तडकली. आता प्रश्न असा की तिसरी कुठली घ्यावी?

हा प्रश्न मी स्वतः तीनदा विचारला आहे, एकाच फिगरसाठी. पहिला झगा हवेवर सुकणाऱ्या मातीचा केला. तो एका रात्रीत जाळीदार तडकला. दुसरा दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीचा, म्हणजे दोन भाग एकत्र मळले की आपोआप कडक होणाऱ्या पुट्टीचा. तो तडकला नाही, पण एके दिवशी फिगर उचलली तर झगा अख्खाच्या अख्खा हातात आला, साच्यातून निघावा तसा. तिसरा नीट चिकटला, मात्र खालची पातळ किनार दोन महिन्यांत तीन ठिकाणी मोडली. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की हे तीन वेगळे रोग होते आणि मी दर वेळी फक्त औषधाची बाटली बदलत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून कुठली पुट्टी घ्यायची हे खाली येईलच, पण आधी भेग वाचायला शिकू.

आधी एक हिशेब

मोठ्या फिगरवाल्यांची निम्मी फसगत लहान फिगरवाल्यांच्या सल्ल्यामुळे होते. सल्ला चुकीचा नसतो, माप चुकीचं असतं. ५४ मिमीच्या शिपायाच्या तुलनेत ३० सेंमीची फिगर साडेपाच पट उंच असते. पण त्याच आकाराचा झगा करायला लागणारा माल साडेपाच पट नाही, दीडशे पटीहून जास्त लागतो, कारण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही वाढतात. आणि तो झगा ज्या पृष्ठभागावर चिकटून राहायचा, तो जेमतेम तीस पट वाढतो. म्हणजे सांध्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पाच पटीहून जास्त वजन येतं. लहान शिपायावर नुसत्या चिकटपणावर जे टिकतं, ते इथे टिकत नाही, आणि त्यात पुट्टीचा काही दोष नसतो.

दुसरं असं की जाड थर वेगळा वागतो. एक मिलिमीटरचा थर आतून-बाहेरून एकदम सुकतो. पंधरा मिलिमीटरचा गोळा बाहेरून सुकतो तेव्हा आत ओला असतो. पाण्यावरच्या मातीत तर इथेच सगळा घोळ आहे.

भेग कुठे आहे आणि कधी आली?

पेन्सिल घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि आठवडाभर हात लावू नका. भेग खुणेच्या पुढे गेली तर कारण अजून जिवंत आहे, ती भरून उपयोग नाही. जागच्या जागी राहिली तर आकुंचन होऊन गेलेलं आहे आणि भरलेली भेग टिकेल. एवढी साधी गोष्ट, पण बहुतेक जण भेग दिसताच भरायला बसतात आणि कारण पुट्टीखाली गाडून टाकतात.

भेग अगदी सांध्यावर, जुनं आणि नवं जिथे मिळतं तिथेच असेल, तर ब्लेडचं टोक घालून जरा उचकटून पाहा. नवा भाग पापुद्र्यासारखा सुटला तर त्याची आतली बाजू उजेडात धरा. ती गुळगुळीत, चकचकीत असेल तर पुट्टी कधी चिकटलीच नव्हती, नुसती अंगावर बसली होती. माझा दुसरा झगा आतून असाच आरशासारखा होता. आतल्या बाजूला रंगाचा किंवा प्रायमरचा थर आला असेल तर पुट्टीने आपलं काम चोख केलं, खालचा रंगच अंगाला धरून नव्हता. रंगवलेल्या फिगरवर थेट पुट्टी लावणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं.

भेगा नव्या भागाच्या अंगावर, जाळीसारख्या, पहिल्या एक-दोन दिवसांत आल्या तर ते सुकतानाचं आकुंचन. त्यात चिकटण्याचा संबंध नाही.

भेग आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि नेमकी पातळ किंवा हलणाऱ्या जागी आली (घोटा, मनगट, झग्याची किनार, मान) तर तिथे वाक येतो आहे. एक तर खालचं अंग लवचीक आहे, किंवा नव्या भागाला आत हाडच नाही.

भेग नाही, पण चोवीस तासांनीही नख रुततं, बोटाला चिकचिक लागते? मग मिश्रणाची किंवा हवामानाची भानगड आहे.

भेग नाही, पण पुट्टीच्या कडेने फिगरचं प्लॅस्टिकच मऊ झालंय, सुरकुतलंय? तर पुट्टीतलं काहीतरी प्लॅस्टिक विरघळवतं आहे. असं दिसलं तर तो माल तिथून लगेच काढा.

आणि एक फसवी भेग. थ्रीडी प्रिंट केलेल्या पोकळ रेझिन फिगरमध्ये कधी कधी आत न सुकलेलं द्रव रेझिन अडकून राहतं. ते काही आठवड्यांनी फिगरलाच आतून फोडतं, आणि ती भेग पुट्टीच्या सांध्यातून वर येते कारण तिथे अंग कमकुवत असतं. भेगेतून चिकट ओल पाझरत असेल तर पुट्टीला शिव्या देण्यात अर्थ नाही. खालच्या बाजूला भोक पाडून आतलं रेझिन निपटून काढा, आतून अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, आतपर्यंत यूव्ही प्रकाश पोचवून सुकवा आणि मगच वरचं काम हाती घ्या.

खाली काय आहे?

साहित्य निवडताना पहिला विचार नव्या मालाचा नाही, जुन्या अंगाचा करायचा. फिगर कशाची आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसेल तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ब्लेडने खरवडून पाहा. पॉलिस्टायरीनची (नेहमीच्या मॉडेल किटच्या कडक प्लॅस्टिकची) बारीक वळलेली साल निघते. ओतीव पॉलियुरेथेन रेझिनची भुकटी पडते. व्हायनिल दाबलं की दबतं आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने रबरासारखं होतं. अजून शंका असेल तर प्लॅस्टिक किट जोडायच्या पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावा. पॉलिस्टायरीन लगेच मऊ पडेल, रेझिनला काही होणार नाही.

रेझिनच्या अंगावर जवळजवळ नेहमीच साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश असतो. माझ्या दुसऱ्या झग्याचा खरा शत्रू तोच होता. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, आणि नुसतं बुडवून काढणं नव्हे तर खाचाखाचांतून घासणं. वाळल्यावर चिकटवायच्या जागेवर २२० नंबरच्या सॅंडपेपरचा खरबरीत हात. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही तेलच असतं.

पॉलिस्टायरीनची अडचण वेगळी. मोठी फिगर पोकळ असते आणि भिंत पातळ. उचलताना तुम्ही छाती जराशी दाबता, भिंत आत जाते, वरची कडक पुट्टी जात नाही, आणि सांधा उघडतो. यावर उपाय बाहेरून नाही, आतून आहे. दोन अर्धे चिकटवण्याआधीच जिथे काम करायचं त्या जागेच्या मागच्या बाजूला इपॉक्सी पुट्टीचा जाड थर द्या. फिगर आधीच चिकटवलेली असेल तर जिथे झगा येणार आहे तिथेच मोठं भोक पाडा आणि त्यातून आत पुट्टी दाबा. ती आत पसरून बटणासारखी अडकते, वरून सुटूच शकत नाही.

व्हायनिलवर मी सगळ्यात सावध असतो. ते हलतं, उन्हाळ्यात आणखी मऊ होतं, मोठ्या वजनाखाली घोट्यात हळूहळू वाकतं. वर झग्याचं वजन चढवायचं असेल तर आधी पायांत प्लास्टर ओतून ते भरा. आणि वाकणाऱ्या जागेवर कडक पुट्टी लावायचीच नाही. आधी गरम पाण्यात मऊ करून हवी ती पोझ द्या, थंड पाण्यात धरून ती पक्की करा, मग उरलेली फट भरा.

धातूची फिगर या मापात क्वचितच भेटते. भेटली तर घासा, ब्रासची पिन घाला, बाकी त्रास कमी.

आता माल

माझा कल उघड सांगतो. मोठ्या फिगरच्या बदलाला कणा इपॉक्सी पुट्टीचाच हवा. पण ‘इपॉक्सी पुट्टी’ हे एकाच वस्तूचं नाव नाही, आणि गोंधळ इथेच होतो.

मिलिपुट दोन कांड्यांत येते. समान भाग घेऊन रंग एकजीव होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं मळायची. तासभर काम करता येतं आणि तीन-चार तासांत कडक होते. सुकली की ती दगडासारखी वागते: कानस लागते, ड्रिल लागतं, सॅंडपेपरने कडा धारदार करता येते. पाण्याने गुळगुळीत करता येते हा तिचा गुण, आणि त्यातूनच एक रोग उद्भवतो, तो पुढे सांगतो. पातळ जागी मात्र ती ठिसूळ आहे. झग्याची दीड मिलिमीटरची किनार नुसत्या मिलिपुटची केलीत तर माझ्यासारखी मोडून घ्याल.

ग्रीन स्टफ उलट स्वभावाची. पिवळी आणि निळी पट्टी मळली की हिरवी होते, सुकल्यावरही किंचित रबरासारखी राहते. म्हणून किनार, पट्टे, केसांच्या बटा, दोऱ्या यांना ती उत्तम, कारण धक्का लागला तर मोडत नाही. पण सॅंडपेपर तिला नीट घासत नाही, लोकरीसारखे धागे निघतात. तिचा मोठा गोळा करून त्यातून मांडी कोरायची म्हणजे स्वतःला शिक्षा. पिवळं जास्त घेतलं तर ती मऊ आणि चिकट होते, निळं जास्त घेतलं तर कडक. पट्टी शेजारी-शेजारी चिकटलेली मिळत असेल तर मधली रेघ, जिथे दोन रंग भेटतात, ती आधीच सुकलेली असते. तेवढी चिंचोळी पट्टी कापून फेका, नाहीतर मळताना कठीण कण येतील आणि बोटांनी कितीही रगडलं तरी जाणार नाहीत.

अपॉक्सी स्कल्प्ट दोन डब्यांत येते. मळायला मऊ, काम करायला एक ते तीन तास, पूर्ण कडक व्हायला चोवीस तास. मोठ्या पृष्ठभागासाठी मला हीच जास्त आवडते. घाई होत नाही आणि दोन थर जुळवायला वेळ मिळतो. पण तोच निवांतपणा उभ्या जागी अंगावर येतो. जाड थर लावून झोपायला गेलात तर सकाळी घड्या खाली ओघळलेल्या दिसतील.

या पुट्ट्या एकमेकींत मिसळता येतात हे अनेकांना माहीत नसतं. ग्रीन स्टफ आणि मिलिपुट निम्मी-निम्मी घेतली तर घासताही येते आणि ठिसूळपणाही कमी होतो. अट एकच: दोन्ही आपापल्या जागी आधी पूर्ण मळायच्या, मग एकत्र करायच्या. चारी तुकडे एकदम मळायला घेतले तर कोण कुणाशी मिसळलं याचा पत्ता लागत नाही. माझ्या चौथ्या झग्याची किनार याच मिश्रणाची आहे.

पॉलिमर क्ले, सुपर स्कल्पी वगैरे, हाताळायला सगळ्यांत सुखाची. भाजेपर्यंत सुकत नाही, हवा तितका वेळ घ्या. पण फिगरवर थेट लावायची नाही, त्याला दोन कारणं. कच्च्या क्लेमधलं प्लॅस्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं द्रव्य) पॉलिस्टायरीनला हळूहळू खातं. दोन दिवस लावून ठेवली तरी खालचं प्लॅस्टिक चिकट झालेलं दिसू शकतं. आणि तिला भाजायला १३० अंश सेल्सिअस लागतात, दर ६ मिमी जाडीला १५ मिनिटं. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मान टाकतं. ‘हेअर ड्रायरने वरवर भाजतो’ हा मधला मार्ग तर दोन्हीकडून मारतो: क्ले आत कच्ची राहते आणि फिगर वाकडी होते. ही क्ले वापरायचीच असेल तर फिगरला पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, त्यावर भाग घडवा, अलगद उतरवा, वेगळा भाजा, मग पिन आणि सुपरग्लूने जोडा. डोकं, हात, शस्त्राची मूठ अशा सुट्या भागांना हा मार्ग खरोखर चांगला. जाड भागाच्या आत ॲल्युमिनियम फॉइलचा गाभा घालत असाल आणि त्यात हवा राहिली तर भाजताना फुगून तडा जातो, म्हणून फॉइल हातोडीने ठोकून घट्ट करा.

हवेवर सुकणारी माती मी फिगरच्या अंगावर वापरत नाही, आणि या बाबतीत माझं मत बदलायची शक्यता कमी. तिच्यातलं पाणी उडतं तेव्हा ती आकसते. खालचं प्लॅस्टिक आकसत नाही. दोघांच्या भांडणात माती फाटते. वर पाणी लावून, सावकाश वाळवून, ओला कपडा झाकून भेगा कमी होतात, थांबत नाहीत. पोझ आणि घड्यांचा कच्चा नमुना करून बघायला ती झकास.

गाडीच्या पत्र्याला लावतात तसली पॉलिस्टर पुट्टी पंधरा-वीस मिनिटांत कडक होते. रेझिन फिगरवर मोठा ढोबळ भराव पटकन उभा करायला ती कामाची. हार्डनर (कडक करणारा दुसरा भाग) शंभराला दोन-तीन भाग. जास्त घातला तर लवकर गरम होऊन ठिसूळ होते. तिच्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीनला जाड थरात मऊ करतं, तिथे नको. वासही जबरदस्त, खिडकी उघडी हवीच. नळीतली एकभागी पुट्टी ओरखड्यापुरती. द्रावक उडालं की ती बसते, जाड भरली तर महिनाभर बसतच राहते.

प्लास्टिलीन, म्हणजे तेल-मेणावरची माती, कधीच सुकत नाही, तो दोष नाही, तिचं कामच ते. भाग घडवून साचा काढायचा आणि रेझिनमध्ये ओतायचा असेल तर ती घ्या. एकच जपायचं, गंधक असलेली प्लास्टिलीन साच्यासाठी वापरतात त्या प्लॅटिनम प्रकारच्या सिलिकॉनला सुकू देत नाही. साचा चिकट राहिला तर चूक तिथे शोधा.

माल बरोबर, तरी सुटतं तेव्हा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगली पुट्टी घेऊनही रडणारे बहुतेक जण इथे अडकलेले असतात.

पाणी हा पहिला संशयित. इपॉक्सी पुट्टी गुळगुळीत करायला ओलं बोट फिरवायचं असतं. पण भरपूर पाणी घेतलं की वर पुट्टीचा पातळ चिखल तयार होतो. तो वाळतो, वरून छान दिसतो, पण त्यात ताकद नसते. त्यावर दुसरा थर चढवला की तो चिखलावर उभा राहतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. पहिला थर ढोबळच राहू द्या, त्याला पाणी लावूच नका, उलट ओला असताना सुईने रेघोट्या ओढा. गुळगुळीतपणा शेवटच्या थराचा.

दुसरा संशयित व्हॅसलीन. पुट्टी हत्यारांना चिकटू नये म्हणून लोक तेल, व्हॅसलीन लावतात. ते पुढच्या थराखाली जातं. मग पुट्टी सुटते, किंवा रंग त्या जागेवरून थेंब होऊन सरकतो. थोडं पाणी वापरा. व्हॅसलीन लागलंच असेल तर सुकल्यावर साबणाने धुवा.

तिसरं, मळणं. दोन गोळ्या डोळ्यांनी समान दिसल्या म्हणजे समान नसतात. दोन्हींच्या सारख्या जाडीच्या वळ्या करून मोजपट्टीवर शेजारी ठेवा, सारखी लांबी कापा. हार्डनरच्या बाहेरच्या बाजूला कडक साल आलेली असेल तर ती कापून टाका, मळून लपवू नका. थंडीत रेझिनचा भाग साखरेसारखा रवाळ झाला तर तो वाया गेला असं समजू नका. पिशवीत गुंडाळून गरम पाण्यात ठेवा, रवा विरघळतो.

चौथं, हवा. थंडीत इपॉक्सी हळू सुकते, फार गारठ्यात तर जवळजवळ थांबते. पंधरा अंशांखाली चोवीस तासांचा हिशेब धरू नका. टेबल लॅम्पखाली ठेवून ऊब द्यायला हरकत नाही, पण हाताला सहज सोसवेल इतकीच. दमट आणि गार हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो. पुट्टी आतून कडक असते, वर चिकचिक. हे सुकण्याची वाट बघून जात नाही. साबणाच्या पाण्याने घासून धुवा, लगेच जातं. नाही गेलं आणि नख आतही रुतलं, तर मिश्रण बिघडलेलं आहे. मग काढून टाकण्याशिवाय इलाज नाही. वर दुसरा थर चढवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

हाड घाला

चौथा झगा मी असा केला. खांद्यावर आणि पाठीवर मिळून पाच ठिकाणी दीड मिमीची भोकं, प्रत्येकात तारेची पिन, सुपरग्लूने पक्की. पिना एका दिशेत नाहीत, थोड्या वेगवेगळ्या कोनांत, म्हणजे झगा सरळ ओढला तरी निघत नाही. पिनांना बारीक ॲल्युमिनियमची जाळी गुंडाळून हवी तशी वळवली. घड्यांचा मुख्य आकार जाळीनेच ठरला. जिथे घडी फुगीर होती तिथे आत ठोकलेलं फॉइल भरलं, म्हणजे पुट्टीही कमी आणि वजनही कमी. मग जाळीच्या भोकांतून दाबून मिलिपुटचा दोनेक मिलिमीटरचा ढोबळ थर, तो पूर्ण सुकू दिला. त्यावर अपॉक्सी स्कल्प्टचा घड्यांचा थर. शेवटी किनार, निम्मी-निम्मी मिश्रणाची.

मोकळा लोंबणारा भाग वेगळ्या रीतीने केला. पुट्टी दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये, आत टाल्कम पावडर भुरभुरून, लाटली. लगेच लावली असती तर ताणून फाटली असती, म्हणून कातड्याइतकी ताठर होईपर्यंत थांबलो. चिकटायच्या कडेची पावडर ओल्या कपड्याने पुसली, तिथे ताज्या पुट्टीची बारीक वळी लावली आणि मग तो पदर खाली सोडला.

हातमोज्यांचं एक सांगून टाकतो. इपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी सहसा पहिल्या दिवशी येत नाही, कधी काही आठवड्यांनी, कधी वर्षांनी येते आणि मग सहसा जात नाही. नायट्रिलचे हातमोजे घाला. सुकलेली पुट्टी किंवा रेझिन घासताना पाणी लावून घासा, तोंडावर धुळीचा मास्क ठेवा.

आत्ता तडकलेली आहे, तिचं काय?

पेन्सिलच्या खुणांपुढे भेग गेली नसेल तर ती वरून चोपडू नका. ब्लेडने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून उघडा, निदान दोन मिलिमीटर खोल. भेगेला आडवी दोन-तीन भोकं पाडून त्यांत तारेचे तुकडे बसवा, पातळ सुपरग्लू भेगेत ओढला जाऊ द्या, मग इपॉक्सी पुट्टीने खाच भरून घासा.

भेग वाढत असेल, आणि टकटक केल्यावर आवाज पोकळ येत असेल, तर तो भाग सुटलेलाच आहे. फक्त पडायचा बाकी आहे. तो मुद्दाम उतरवा. अख्खा निघाला तर नशीब: आतून खरवडा, फिगर धुवा, खरबरीत करा, पिना घाला आणि तोच भाग ताज्या पुट्टीच्या थरावर पुन्हा बसवा. माझा दुसरा झगा असा वाचवता आला असता. मी रागाने फेकून दिला.

आणि दर वेळी पुट्टी मळली की उरलेल्यातली एक गोळी त्याच फिगरच्या शेजारी एका झाकणावर ठेवा, तारीख लिहून. सुकली का, किती कडक झाली, घासता येईल का, हे सगळं त्या गोळीवर नख लावून बघायचं. झग्यावर नाही.